गढूळ पाणी निवळायचं कसं: शेवग्याच्या बिया, निवळी आणि जुनी साडी

पहिला मोठा पाऊस झाला की आमच्याकडे नळाला दोन-तीन दिवस चहासारखं पाणी येतं. योजनेची विहीर नदीकाठाला आहे, नदी लाल झाली की विहीर पण लाल, आणि मग घरोघरी हंड्यात तुरटीचे खडे फिरायला लागतात. तुरटीशी माझं काही भांडण नाही, ती काम चोख करते, पण परसात शेवगा उभा आहे, त्याला वाळक्या शेंगा लटकतायत आणि त्या शेंगांतल्या बिया नेमकं हेच काम करतात हे कितीतरी घरांत माहीतच नसतं, म्हणून हे सगळं नीट लिहून काढतेय.

पण एक गोष्ट अगदी आधीच सांगते. बियांनी पाणी निवळतं, निर्जंतुक होत नाही. गाळाबरोबर जंतूही खाली बसतात, नीट केलं तर 90 टक्क्यांच्या वर बसतात, पण पावसाळ्याच्या गढूळ पाण्यात ते इतके असतात की राहिलेले थोडेसुद्धा अख्ख्या घराला जुलाब लावायला पुरतात. त्यामुळे निवळलं की उकळायचं, खळखळून उकळी आल्यावर किमान 1 मिनिट, आणि बाळासाठी, आजाऱ्यासाठी असेल तर यात अजिबात सूट नाही.

आता काम कसं होतं ते. पाण्यात तरंगणारे मातीचे बारीक कण आणि जंतू दोघांवर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना ढकलत राहतात आणि रात्रभर ठेवलं तरी खाली बसत नाहीत. शेवग्याच्या बीमध्ये एक प्रोटीन असतं, पाण्यात विरघळणारं, त्याच्यावर धन भार. ते पाण्यात गेलं की कण त्याला चिकटतात, कापसासारखे पुंजके होतात, जड होतात आणि तळाला साका बसतो. सुदानमध्ये नाईलच्या काठच्या बायका पुराचं पाणी असंच निवळायच्या, सामिया अल अझारिया यान या संशोधक बाईंनी 1970 च्या दशकात ते बघितलं, तपासलं आणि जगापुढे आणलं. तिकडे या झाडाचं नावच मुळी ‘निवळणारं झाड’ अशा अर्थाचं आहे, आणि आपल्याकडे निवळी म्हणून वेगळंच झाड आहे, ते कामही तेच करतं आणि नावही तेच, मला हे फार आवडतं.

शेंगा झाडावरच पूर्ण वाळलेल्या हव्यात, तपकिरी, हलवल्या की आतून खुळखुळ वाजणाऱ्या. आमटीतल्या हिरव्या शेंगेची बी चालत नाही, तिच्यात दम नसतो. आणि कृषी केंद्रातलं पेरणीचं पाकीट तर चुकूनही घेऊ नका, त्या बियाण्याला बहुतेक वेळा बुरशीनाशक चोळलेलं असतं, गुलाबी-निळा रंग दिसतो बघा, तो पोटात जायचा नाहीये. झाडाची साल आणि मूळही यात आणायचं नाही, फक्त बी. बीचे पंख आणि वरचं टरफल काढलं की आत पांढरा गर निघतो. काळपट, किडका, मऊ पडलेला गर फेकून द्या.

गर खलबत्त्यात कुटा, मिक्सरला लावला तरी चालतो पण भांडं कोरडं पाहिजे, आणि पूड चहाच्या गाळणीतून काढा. लागेल तेवढीच कुटायची, पूड करून ठेवली की दिवसेंदिवस जोर कमी होतो, बिया अख्ख्या राहिल्या तर टिकतात.

किती घालायची हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. पाणी नुसतं धुरकट असेल तर 4 लिटरला 1 बी, जरा गढूळ असेल तर 2 लिटरला 1, चांगलंच गढूळ तर लिटरला 1, आणि पुराचं लाल पाणी असेल तर लिटरला 2. हा अंदाज आहे, प्रत्येक गावाची माती वेगळी, म्हणून पहिल्या दिवशी मी चार बाटल्यांचा खेळ करते आणि तुम्हीही कराच. एक-एक लिटरच्या चार पारदर्शक बाटल्या घ्या, चौघींत तेच पाणी भरा, एकीत अर्ध्या बीची पूड, दुसरीत एकीची, तिसरीत दोनची, आणि चौथीत काहीच नाही, ती तुलनेला. सगळ्या सारख्याच हलवून खिडकीत ठेवा आणि तासा-दीड तासाने मागे पेपर धरून बघा कुठल्या बाटलीतून अक्षरं नीट वाचता येतात. सगळ्यात कमी पुडीत जी साफ झाली तेच तुमचं प्रमाण. जास्त घातली म्हणजे जास्त साफ असं होत नाही, उलट कणांवरचा भार उलटा होऊन पाणी परत धूसर होतं, शिवाय वास येतो. पाऊस वाढला की पाणी बदलतं, तेव्हा हा खेळ परत करायचा.

प्रमाण कळलं की हंड्याचं काम. हंडा किती लिटरचा ते एकदा बाटलीने मोजून ठेवा, अंदाजपंचे नको. आधी पाणी फडक्यातून गाळून हंड्यात घ्या. पूड एका बाटलीत कपभर स्वच्छ पाण्यात घालून 5 मिनिटं जोरात हलवा, पाणी दुधाळ होईल, ते पातळ सुती कापडातून गाळून हंड्यात ओता, चोथा बाहेरच राहू दे. मग लांब दांड्याच्या पळीने 1 मिनिट भराभर ढवळायचं म्हणजे ते सगळीकडे पोचतं, आणि त्यानंतर 5 ते 10 मिनिटं एकदम हळू, मिनिटाला 15-20 फेरे, कारण याच वेळात पुंजके जमतात आणि जोरात ढवळलं तर जमलेले फुटतात. बहुतेकांचं इथेच बिघडतं, घाई करतात आणि मग म्हणतात शेवगा काही कामाचा नाही. झाकण ठेवा आणि 1 ते 2 तास हात लावू नका, हंडा हलवू नका.

वरची निवळ अलगद दुसऱ्या भांड्यात काढा, तळाचं चार बोटं पाणी राहू दे. खालच्या साक्यात जंतू एकवटलेले असतात, तो झाडाच्या मुळाशी ओता आणि हंडा घासून घ्या. निवळलेलं पाणी त्याच दिवशी उकळून त्याच दिवशी संपवायचं, कारण बीतला थोडा सेंद्रिय भाग पाण्यात राहतोच आणि त्यावर जंतू परत वाढतात. म्हणून रोजचं रोज.

निवळीचं थोडक्यात. सासूबाईंकडे निवळीच्या बिया असायच्या, सहाणेवर पाण्यात उगाळून ते गंध हंड्यात घालायच्या, नाहीतर थेट मडक्याच्या आतल्या अंगाला घासायच्या. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी निवळायचे सात उपाय दिलेत, त्यात पहिलं नाव हिचंच, कतक, आणि त्याच यादीत वस्त्र म्हणजे कापडही आहे. पण निवळी आणि विषारी काजरा म्हणजे कुचला ही एकाच गोतातली झाडं. म्हणून ओळखीच्या जाणकाराशिवाय रानातून बी गोळा करू नका, शंका असेल तर सरळ शेवगा वापरा.

कापडाला पण कमी लेखू नका. बांगलादेशात मतलब नावाच्या भागात रिटा कोलवेल या अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायकांना जुन्या सुती साडीची चार ते आठ पदरी घडी करून पाणी गाळायला लावलं, 2003 मध्ये निष्कर्ष आले, कॉलरा 48 टक्क्यांनी कमी झाला. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटून राहतात आणि ते जीव कापडात अडकतात. साडी जुनीच हवी, धुवून धुवून धागे फुलतात आणि भोकं बारीक होतात, नवीन कापडाने तेवढं होत नाही. गाळून झालं की कापड गाळलेल्या पाण्याने धुवून उन्हात वाळवायचं आणि पुढच्या वेळी तीच बाजू वर ठेवायची.

गॅस संपलाय, सरपण ओलं आहे, मग? ऊन असेल तर निवळलेलं पाणी 2 लिटरपर्यंतच्या पारदर्शक प्लास्टिक बाटल्यांत भरून पत्र्यावर आडव्या ठेवा, कडक उन्हात 6 तास, ढगाळ असेल तर सलग 2 दिवस, मात्र पाणी आधी साफ पाहिजे, गढुळात ऊन आत शिरत नाही. आषाढाच्या झडीत हे जमणार नाही, तेव्हा गावातल्या आशाताईंकडून मेडिक्लोर, म्हणजे पाण्यात घालायचं क्लोरीनचं औषध, घ्या आणि बाटलीवर लिहिलंय तसंच घाला. तेही निवळलेल्या पाण्यातच, गाळ असला की क्लोरीन त्यातच खर्ची पडतं.

तुळस, वाळा पाण्यात घालतात, वास छान येतो, मी पण माठात वाळा टाकते, पण त्याच्या भरवशावर गढूळ किंवा न उकळलेलं पाणी पिऊ नका. आणि यवतमाळ-चंद्रपूरकडचं फ्लोराईडचं पाणी, अकोल्याच्या खारपाणपट्ट्यातलं खारट पाणी, खतांचा नायट्रेट उतरलेली विहीर, यावर शेवगा, निवळी, कापड काहीच चालत नाही. उकळलं तर पाणी आटतं आणि क्षार उलट दाट होतात. तिथे पाणी प्रयोगशाळेत तपासून पिण्यासाठी दुसरा स्रोतच शोधावा लागतो.

उकळलेलं पाणी झाकून थंड करा, माठात भरा आणि ओगराळ्यानेच काढा, हात बुडवून पेला भरला की केलेलं सगळं पाण्यात. आणि शेंगा उन्हाळा संपायच्या आत काढून ठेवा, एकदा भिजल्या की बियांना बुरशी येते. मी कोरड्या बरणीत ठेवते, जून ते ऑगस्ट आम्हा चौघांना पुरतात आणि शेजारी पण मागून नेतात.