ग्राइंड किती करावा आणि कशासाठी करावा: ओल्ड स्कूल रुनस्केप खेळणाऱ्यांसाठी

ओल्ड स्कूल रुनस्केप या ऑनलाइन गेममध्ये करामजा बेटावर लॉबस्टर पकडायला जाणाऱ्या खेळाडूची एक फेरी अशी असते. पोर्ट सॅरिमच्या धक्क्यावर ३० नाणी मोजून बोटीने बेटावर जायचे, केळीच्या बागेवरून पुढे किनाऱ्यावर येऊन पिंजरा टाकायचा आणि पिशवी भरेपर्यंत पाण्यातल्या त्याच बुडबुड्यांवर टिचकी मारत राहायचे. पिशवीत २८ जागा असतात. त्यातली एक पिंजऱ्याला जाते आणि एक परतीच्या नाण्यांना, त्यामुळे लॉबस्टर मावतात २६. तिथे बँक नाही, म्हणून पुन्हा ३० नाणी देऊन पोर्ट सॅरिमला यायचे, डिपॉझिट बॉक्समध्ये माल टाकायचा आणि उलट पावली बेटावर निघायचे. मी एका पावसाळ्यात रोज रात्री जेवण झाल्यावर मोबाइलवर अशा फेऱ्या करत असे. फिशिंगची, म्हणजे मासेमारीची, लेव्हल ७१ झाली, आणि एके दिवशी असा वीट आला की पुढचे आठ महिने मी गेम उघडलासुद्धा नाही. त्या सगळ्या रात्रींतला एकही प्रसंग आज मला आठवत नाही, याची खंत मला त्या वाया गेलेल्या वेळेपेक्षा जास्त वाटते.

हा गेम मला अतिशय प्रिय आहे, आणि आमच्या क्लॅनमधली, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या गटातली, चांगली माणसे याच कारणाने तो सोडून जाताना मी पाहिली आहेत. म्हणून तेच ते काम पुन्हा पुन्हा करणे, म्हणजे ग्राइंड, आणि नवा अनुभव यांचा मेळ कसा घालावा, हे नव्याने खेळू लागलेल्यांसाठी सविस्तर लिहीत आहे.

आधी हिशेब मांडावा

केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीने फेब्रुवारी २०१३ मध्ये हा गेम सुरू केला, तो रुनस्केपच्या ऑगस्ट २००७ मधल्या जतन केलेल्या प्रतीवरून. त्यामुळे त्या काळातली संथ, मेहनत मागणारी चाल त्यात जशीच्या तशी उतरली. कोणत्याही स्किलच्या (कौशल्याच्या) लेव्हल ९९ साठी १,३०,३४,४३१ एक्सपी (अनुभवाचे गुण) लागतात, आणि लेव्हल ९२ ला पोहोचताना त्यातले जेमतेम अर्धे, म्हणजे ६५,१७,२५३ एक्सपी झालेले असतात. साधारणपणे दर सात लेव्हलना लागणारा एकूण एक्सपी दुप्पट होतो. नवा खेळाडू पहिल्या तीस लेव्हल भराभर चढतो, त्याच वेगाने शंभरीच्या जवळ पोहोचू असे धरून चालतो आणि साठीच्या आसपास कुठेतरी त्याचा दम निघतो.

म्हणून कोणताही ग्राइंड सुरू करण्यापूर्वी कागद घेऊन तीन आकडे लिहावेत: आता किती एक्सपी आहे, कुठवर जायचे आहे आणि एका फेरीत किती मिळतो. माझ्या लॉबस्टरांचा हिशेब मी केला तो गेम सोडल्यानंतर. एका लॉबस्टरचे ९० एक्सपी, म्हणजे एका फेरीचे २,३४०. लॉबस्टर पकडता येऊ लागतात त्या लेव्हल ४० पासून ९९ पर्यंत जायला सुमारे १,४४,४०० लॉबस्टर, म्हणजे साडेपाच हजारांहून अधिक फेऱ्या लागतात. हा आकडा आधी डोळ्यांसमोर असता तर मी तो रस्ता धरलाच नसता. याउलट, रेसिपी फॉर डिझास्टर ही मोठी क्वेस्ट (गोष्टीच्या रूपातली मोहीम) पूर्ण करायला फिशिंगची लेव्हल ५३ पुरते, आणि ४० पासून ५३ पर्यंतचे अंतर त्याच लॉबस्टरांवर ४३ फेऱ्यांत कापले जाते. काम तेच, जागा तीच. पण ४३ फेऱ्यांना शेवट आहे आणि त्या शेवटाला एक दार उघडते. प्रत्येक फेरीनंतर कागदावर रेघ मारावी. रेघा संपल्या की बेट सोडावे, मग पुढची लेव्हल कितीही जवळ दिसत असो.

सवय लावायची ती इतकीच: ‘फिशिंग वाढवायचे आहे’ असे कधी लिहू नये, ‘अमुक गोष्टीसाठी फिशिंग ५३ हवे आहे’ असे लिहावे. ज्या ग्राइंडपुढे हा ‘साठी’ लिहिता येत नाही, तो निदान आज तरी करू नये.

कोंबड्यांआधी धबधबा

लम्ब्रिज या सुरुवातीच्या गावात उतरलेला जवळजवळ प्रत्येक नवा खेळाडू पहिले काही तास कोंबड्या मारण्यात घालवतो. कोंबडीला ३ हिटपॉइंट (जिवाचे गुण) असतात आणि केलेल्या प्रत्येक पॉइंटच्या इजेमागे ४ एक्सपी मिळतात, म्हणजे एका कोंबडीमागे १२. वॉटरफॉल क्वेस्ट पूर्ण केल्यावर अटॅकमध्ये १३,७५० आणि स्ट्रेंथमध्ये तितकेच एक्सपी एकरकमी मिळतात, आणि दोन्ही स्किल लेव्हल १ वरून थेट ३० वर जातात. कोंबड्यांच्या भाषेत सांगायचे तर ही कमाई सुमारे २,२९० कोंबड्यांची आहे.

शिवाय ही क्वेस्ट करायला लढाईची कोणतीही लेव्हल लागत नाही. फक्त तुमचे खाते मेंबरशिपचे, म्हणजे पैसे भरलेले, असायला हवे. तयारी म्हणून एक दोर, वाऱ्याचे, पाण्याचे आणि मातीचे प्रत्येकी ६ रुन (जादूसाठी लागणारे दगड) आणि खाण्याचे पदार्थ जवळ ठेवावेत. बॅक्स्टोरियन धबधब्याजवळच्या घरातली आल्मेरा आपल्या मुलाची काळजी करत असते, तिथून गोष्ट सुरू होते. पुढे एक जुने पुस्तक वाचावे लागते, नोमच्या गुहेतून एक खडा आणावा लागतो आणि ग्लारियलच्या थडग्यात शिरताना शस्त्र, चिलखत आणि रुन सगळे बाहेर ठेवावे लागते. आत मॉस जायंट फिरत असतात आणि तुमच्या हातात काहीच नसते, त्यामुळे घास खात खात धावत सुटणे एवढाच उपाय उरतो. धबधब्याच्या मध्यावर वाळलेल्या झाडाला दोर बांधून खाली उतरण्याचा तो क्षण मला इतक्या वर्षांनंतरही लख्ख आठवतो. गेमकडून माणसाला असेच काहीतरी हवे असते, आणि तेच करता करता ३० लेव्हलही पदरात पडतात.

तेव्हा खाते नवे असताना क्रम असा ठेवावा की ज्या स्किलमध्ये वाढ हवी आहे, त्या स्किलचा एक्सपी देणाऱ्या क्वेस्ट आधी शोधाव्यात आणि त्या संपल्यावर उरलेल्या अंतरापुरताच ग्राइंड करावा. हिटपॉइंटसाठी विचेस हाउस ही क्वेस्ट ६,३२५ एक्सपी देते. क्वेस्टमधले संवाद घाईघाईने पुढे ढकलू नयेत, हा माझा आग्रह आहे. गेममधला सर्वांत मन लावून लिहिलेला भाग तिथे आहे, आणि तो वगळला तर क्वेस्टही वाणसामानाच्या यादीसारखी होऊन जाते.

सगळे क्वेस्टवर भागत नाही, हेही खरे. जिथे मेहनत टळत नाही, तिथे त्याच स्किलचा सांघिक पर्याय आहे का ते पाहावे. फायरमेकिंगसाठी २०१६ मध्ये विंटरटॉट आला, फिशिंगसाठी २०२१ मध्ये टेम्पोरॉस आला, आणि २०२२ मध्ये स्मिदिंगसाठी जायंट्स फाउंड्री. टेम्पोरॉसमध्ये मासे पकडायचे असतातच, पण ते तोफांमध्ये भरायचे असतात, मध्येच लागलेल्या आगीवर बादलीने पाणी टाकायचे असते आणि मोठी लाट दिसली की दोराने स्वतःला बांधून घ्यायचे असते, नाहीतर लाट हातातले मासे घेऊन जाते. फिशिंगची लेव्हल ३५ झाली की तिथे जाता येते, म्हणजे माझ्या सगळ्या लॉबस्टरांच्या आधीच मला तिथे जाता आले असते. एक्सपी तासाला थोडा कमी मिळाला तरी चालेल. ज्या कामात डोळे पडद्यावर राहतात, ते काम महिनाभर टिकते.

नशिबावरचा ग्राइंड

एक्सपीचा ग्राइंड निदान मोजता येतो. एखादी वस्तू पडण्याची वाट पाहत एकच राक्षस मारत राहणे यात मात्र माणूस सर्वांत जास्त होरपळतो, आणि त्याचे मूळ आकड्यांच्या गैरसमजात असते. अबिसल डीमन या राक्षसाकडून अबिसल व्हिप हे शस्त्र मिळण्याची शक्यता ५१२ मध्ये १ आहे. त्यासाठी स्लेयर (नेमून दिलेले राक्षस मारण्याचे स्किल) ८५ लागते, म्हणजे इथवर यायलाच बराच काळ गेलेला असतो. पुष्कळांना वाटते की ५१२ डीमन मारले की व्हिप मिळालाच पाहिजे. प्रत्यक्षात ५१२ मारल्यावरही साधारण ३७ टक्के खेळाडूंचे हात रिकामेच असतात. १,०२४ नंतर साडेतेरा टक्के आणि १,५३६ नंतरही पाच टक्के लोक कोरडेच राहतात. आधीचे हजार डीमन पुढच्या डीमनला ठाऊक नसतात. त्याची शक्यता पुन्हा ५१२ मध्ये १ इतकीच असते.

म्हणून अशा ग्राइंडची मर्यादा वस्तूवर ठेवू नये, संख्येवर ठेवावी. ‘व्हिप मिळेपर्यंत’ असे ठरवले की शेवट नशिबाच्या हाती जातो. ‘आज ६० डीमन, मग काही मिळो न मिळो, उठायचे’ असे ठरवले की शेवट आपल्या हाती राहतो. त्यातही, स्लेयर मास्टरने अबिसल डीमनचेच काम दिले असेल तेव्हाच ते मारावेत, म्हणजे व्हिप पडला नाही तरी स्लेयरचा एक्सपी जमा होत राहतो. आणि व्हिप ही विकत मिळणारी वस्तू आहे, हे विसरू नये. आयर्नमॅन खाते (ज्यात इतर खेळाडूंशी व्यवहार करता येत नाही) नसेल तर आवडीच्या कामातून नाणी कमावून ती ग्रँड एक्स्चेंज या गेममधल्या बाजारात घेण्यात कसलाही कमीपणा नाही.

कंटाळा असह्य झाला की काही जण ऑटोक्लिकर लावतात किंवा पैसे देऊन दुसऱ्याकडून लेव्हल वाढवून घेतात. दोन्ही नियमबाह्य आहेत आणि खाते कायमचे बंद होऊ शकते. पण मला त्याहून महत्त्वाचे हे वाटते की जे काम यंत्राला द्यावेसे वाटते, ते काम मुळात सोडून द्यायला हवे होते.

हात काही शिकतो का

पुनरावृत्ती सगळीच वाईट नसते. गाणे शिकणारा तोच पलटा शंभरदा घोटतो, पण प्रत्येक वेळी त्याचा कान सूर तपासत असतो. ग्राइंडलाही हाच प्रश्न विचारावा: तासाभरानंतर माझ्या हाताला असे काही येते का, जे तासापूर्वी येत नव्हते?

फाइट केव्ह्ज हे याचे चांगले उदाहरण आहे. राक्षसांच्या ६२ लाटा पार केल्यावर ६३ व्या लाटेत जॅड हा शेवटचा राक्षस येतो. त्याने पुढचे पाय उचलून हवेत धरले तर जादूचा मारा येतो आणि ते जमिनीवर आपटले तर दुरून होणारा दुसरा मारा येतो; प्रत्येक वेळी तो कोणता आहे हे ओळखून त्या माऱ्यापासून वाचवणारी योग्य प्रार्थना वेळेत चालू करावी लागते. चुकले तर पहिल्या लाटेपासून सुरुवात. गेमचा एक ठोका ०.६ सेकंदांचा असल्यामुळे आपल्याकडून दूरच्या सर्व्हरवर खेळतानाही हे जमते, मात्र मोबाइल डेटा डळमळीत असेल त्या दिवशी आत जाऊ नये. मी चार वेळा हरलो. तिसऱ्या खेपेला जॅडपर्यंत पोहोचल्यावर हात थरथरत होते आणि पाचव्या खेपेला थरथरत नव्हते. त्या पाच खेपांना मिळून लॉबस्टरांच्या एका आठवड्याइतका वेळ गेला असेल, पण जॅडला हरवल्यावर मिळणारी फायर केप अंगावर चढवल्यानंतर त्यातला एकही तास वाया गेला असे मला वाटले नाही.

ज्या कामात हात काहीही शिकत नाही, उदाहरणार्थ झाडे तोडणे, ते दुसऱ्या कशाच्या तरी सोबतीला ठेवावे: क्लॅनच्या गप्पा, घरी आईशी फोनवर बोलणे, रेडिओ. मुख्य बैठकीचा वेळ त्याला देऊ नये. आणि तासाला एकदा उठून मनगट व बोटे मोकळी करावीत. तीच टिचकी हजार वेळा मारल्याने मनगट खरोखर दुखू लागते.

स्वतः नवे काही उभे करताना

कंपनीकडून नवा मजकूर येतच असतो. मोठे बदल खेळाडूंच्या मतदानाला टाकले जातात, आणि याच मार्गाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सेलिंग हे चोविसावे स्किल गेममध्ये आले. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या ट्विस्टेड लीगने तर दोन महिन्यांसाठी एक्सपीचा वेग वाढवून आणि खेळाडूला एकाच प्रदेशात ठेवून जुन्या कामांची सगळी किंमतच बदलून टाकली. पण दोन नव्या गोष्टींच्या मध्ये मोठा काळ जातो, आणि तो काळ भरून काढणे क्लॅनच्या हातात असते.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे बिंगो. पाच बाय पाचचा तक्ता करून प्रत्येक चौकोनात एक काम लिहावे आणि क्लॅनचे दोन किंवा तीन गट पाडून दहा दिवसांची मुदत द्यावी. तक्ता करताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. निव्वळ नशिबावरचे चौकोन पाचापेक्षा जास्त नसावेत, नाहीतर आपणच मित्रांना नव्या घाण्याला जुंपतो. आणि कमी लेव्हलच्या माणसालाही करता येतील असे निदान सात-आठ चौकोन असावेत: क्लू स्क्रोल (कोड्यांचे कागद) सोडवणे, एखादी जुनी क्वेस्ट चौघांनी एकाच वेळी सुरू करून कोण आधी संपवतो ते पाहणे, किंवा फालाडोरच्या तटबंदीत लपलेल्या गड्याला फक्त स्क्रीनशॉटच्या कोपऱ्यावरून शोधून काढणे. पुरावा म्हणून प्रत्येक कामाचा स्क्रीनशॉट मागावा आणि तो क्लॅनच्या ग्रुपवर सर्वांना दिसेल असा टाकावा.

ज्यांना दीर्घ मुदतीचे काही हवे असेल त्यांनी ग्रुप आयर्नमॅन पाहावे. ऑक्टोबर २०२१ पासून दोन ते पाच जणांना मिळून असे खाते चालवता येते, आणि बाहेरच्या कोणाशी व्यवहार करता येत नसल्यामुळे एकाने पकडलेला मासा दुसऱ्याच्या जेवणाला लागतो. आम्ही तिघांनी गेल्या वर्षी असा गट केला. फिशिंग माझ्याकडे आले, आणि मी पुन्हा त्याच करामजाच्या किनाऱ्यावर पिंजरा घेऊन उभा राहिलो. या वेळी मात्र कागदावर ११ फेऱ्या लिहिलेल्या होत्या, कारण आमच्यातला एकजण रविवारी जॅडसमोर उभा राहणार होता आणि त्याला भाजलेले लॉबस्टर हवे होते.