केळीच्या पानावरचा रोग संगणकाकडून ओळखून घेताना

रावेर-यावल पट्ट्यातील बागांमध्ये जाऊन केळीच्या पानांचे हजारभर फोटो काढावेत आणि लगेच मशीन लर्निंगचा, म्हणजे उदाहरणांवरून संगणकाला शिकवण्याचा, प्रयोग सुरू करावा, हा मोह संशोधक विद्यार्थ्याने आवरावा व आधी प्रश्न नेमका ठरवावा. ‘पान रोगट आहे का?’ हा प्रश्न फार मोघम आहे. पानावरचे पिवळे पट्टे कुकुंबर मोझॅक विषाणूचे, म्हणजे आपल्याकडच्या हरण्या रोगाचे, की जस्ताच्या कमतरतेचे, असे विचारले तर उत्तराचा उपयोग होतो. कारण पहिल्या बाबतीत झाड उपटून नष्ट करावे लागते, तर दुसऱ्या बाबतीत जस्त देऊन भागते.

फोटोंना रोगाची नावे देण्याचे काम कंटाळवाणे असले तरी ते नुसत्या नजरेवर सोडू नये. निदान काही नमुन्यांची एलायझा किंवा आरटी-पीसीआर ही विषाणू ओळखणारी प्रयोगशाळेतील चाचणी करून घ्यावी, कारण नाव चुकले तर मॉडेल, म्हणजे फोटोंवरून शिकणारा संगणकीय प्रोग्राम, ती चूकही इमानेइतबारे शिकते. प्रत्येक फोटोसोबत गाव, बाग, झाडाचा क्रमांक, वाण आणि तारीख नोंदवावी.

या नोंदींचे मोल, काही फोटो मॉडेलला शिकवण्यासाठी (प्रशिक्षण) आणि काही ते तपासण्यासाठी (चाचणी) अशी फोटोंची वाटणी करताना कळते. एकाच झाडाचे काही फोटो प्रशिक्षणात आणि काही चाचणीत गेले, तर मॉडेल रोगाऐवजी त्या बागेची काळी माती, ठिबकच्या नळ्या आणि दुपारचे ऊन ओळखूनही उत्तम गुण मिळवते. म्हणून चाचणीसाठी काही बागा संपूर्णपणे बाजूला ठेवाव्यात. 14 पिकांच्या 54,306 फोटोंवर आधारलेल्या 2016 च्या एका प्रसिद्ध अभ्यासात अचूकता 99.35 टक्के होती, मात्र वेगळ्या परिस्थितीत घेतलेल्या फोटोंवर ती सुमारे 31 टक्क्यांवर आली. (त्या 14 पिकांत केळी नव्हती, हेही ध्यानात ठेवावे.)

फोटो थोडे असतील तर इतर फोटोंवर आधीच प्रशिक्षित असलेले मॉडेल घेऊन त्याचे शेवटचे थर, म्हणजे अंतिम उत्तर ठरवणारे टप्पे, आपल्या फोटोंवर शिकवावेत. शंभरांपैकी पंचाण्णव पाने निरोगी असताना सर्वच पानांना निरोगी म्हणणारे मॉडेलही 95 टक्के अचूक ठरते. तेव्हा खरोखर रोगट असलेल्या पानांपैकी किती सापडली, हा आकडा स्वतंत्रपणे द्यावा. चुकलेले फोटो घेऊन पुन्हा त्याच झाडापाशी जावे; कित्येकदा चूक मॉडेलची नसते, आपण दिलेल्या नावाची असते.