‘सर इज अँग्री ऑन मी’: रागाच्या इंग्रजीतल्या या चुका टाळा

जुळे सोलापुरात मी स्पोकन इंग्लिशचा छोटा क्लास घेते. नवी बॅच सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी म्हणतंच, ‘सर इज अँग्री ऑन मी.’ गंमत म्हणजे घरची भाषा कुठलीही असो, चूक हीच होते. मराठीत राग ‘माझ्यावर’ असतो. शहराच्या पूर्व भागातली तेलुगू घरातली पोरं ‘ना मीद कोपं’ म्हणतात आणि अक्कलकोटकडची कन्नड पोरं ‘नन्न मेले सिट्टु’. मीद म्हणजे वर. मेले म्हणजेही वर, दचकू नका. आपल्या गावात राग तिन्ही भाषांतून माणसाच्या डोक्यावरच पडतो, मग इंग्रजी बोलतानाही ‘ऑन’ आपोआप तोंडात येतो.

इंग्रजीत माणूस असेल तर ‘अँग्री विथ’ किंवा ‘अँग्री ॲट’ म्हणा. ब्रिटिश वळणात ‘विथ’ जास्त, अमेरिकनांत ‘ॲट’, दोन्ही चालतात. राग गोष्टीचा असेल तर ‘अबाउट’. दोन्ही एकत्र आले तर: ‘शी इज अँग्री विथ मी अबाउट द बिल.’

दुसरी चूकही तिन्ही भाषांची. मला राग आला, नाकु कोपं वच्चिंदि, ननगे सिट्टु बंतु. सगळीकडे राग पाहुण्यासारखा येतो, म्हणून पोरं ‘अँगर केम टू मी’ म्हणतात. इंग्रजीत येत कुणी नाही, माणूसच तसा होतो: ‘आय गॉट अँग्री.’ आणि ‘आय ॲम अँगर’ तर नकोच. त्याचा अर्थ ‘मी राग आहे’, म्हणजे नाटकातलं पात्रच झालात.

(जाता जाता: ‘अँगर’ जुन्या नॉर्स भाषेतून आला, तिथे त्याचा अर्थ दुःख, क्लेश. त्याच्या मुळाशी आवळण्याची कल्पना आहे; इंग्रजी ‘अँक्शियस’ आणि संस्कृत ‘अंहस्’ त्याच कुळातले. आपला ‘राग’ मात्र ‘रंज्’ धातूचा, रंगण्याचा. त्यांचा गळा आवळतो, आपले डोळे लाल होतात.)

आता खरी महागात पडणारी चूक. मराठीत ‘रागावणे’ दोन कामं करतं: राग येणं आणि दुसऱ्याला ओरडणं. टॉवेलच्या एका कारखान्यात ऑफिसला असलेल्या माझ्या विद्यार्थ्याला मॅनेजर रागावले. त्याला दिलगिरीचा मेल लिहायचा होता. त्यानं लिहिलं, ‘सर, यस्टरडे यू अँगर्ड मी.’ मेल पाठवायच्या आधी मला दाखवला म्हणून बरं! ‘अँगर’ क्रियापद म्हणून वापरलं की अर्थ ‘राग आणणे’ होतो. म्हणजे वाक्य झालं, ‘साहेब, काल तुम्ही माझं डोकं फिरवलंत.’ माफी मागायला गेला आणि तक्रार करून बसला असता. तिथे हवं होतं ‘यू वेअर अँग्री विथ मी.’ नुसतं बोलणं खाल्लं हे सांगायचं असेल तर ‘यू टोल्ड मी ऑफ.’ मित्राला सांगताना हे ठीक, पण साहेबांना लिहिताना पहिलंच वापरा. ‘डोन्ट अँग्री मी’, ‘ही इज अँग्रीइंग’ ही रूपं इंग्रजीत नाहीतच.

‘टेम्पर’चंही तसंच. आपण ‘त्याला लई टेम्पर आहे बे’ म्हणतो, म्हणून ‘ही केप्ट हिज टेम्पर’ वाचलं की पोरांना वाटतं, राग धरून बसला. उलट आहे. त्यानं डोकं शांत ठेवलं. ‘टेम्पर’च्या मुळाशी योग्य प्रमाणात मिसळणं, समतोल हा अर्थ आहे, म्हणून तो ‘लूज’ केला की माणूस भडकतो. शीघ्रकोपी माणूस ‘शॉर्ट-टेम्पर्ड’, शेवटचा ‘ड’ खाऊ नका.

शब्दांचं तापमानही सांभाळा. चिडला तर ‘ॲनॉइड’, संतापला तर ‘फ्युरिअस’. ‘फ्युरिअस’ला ‘व्हेरी’ लावणं म्हणजे मे महिन्यातल्या सोलापूरला ‘जरा ऊन आहे’ म्हणणं, ‘ॲब्सोल्यूटली’ लावा. रुसलेल्या बायकोला किंवा नवऱ्याला ‘अँग्री’ नाही, ‘सल्किंग’ म्हणतात. अर्थात ते तोंडावर म्हणू नये. ‘आयर’ म्हणजेही राग, पण तो बातम्यांच्या मथळ्यांत दिसतो, कारण जागा कमी लागते. ‘माय फादर्स आयर’ असं घरात कुणी बोलत नाही. ‘राथ’ म्हणजे कोप, देवाचा किंवा राजाचा, स्पेलिंगमधला पहिला डब्ल्यू मुका. उच्चार ब्रिटिश ‘रॉथ’, अमेरिकन ‘रॅथ’. ‘राथ’ ही आपली सवय. ‘आउटरेज’मध्ये (लोकांचा तीव्र संताप) ‘रेज’ म्हणजे संताप दिसतो, पण ‘आउट’ अधिक ‘रेज’ असा तो बनलेला नाही. तो फ्रेंचमधून आला आणि मुळाशी लॅटिन ‘अल्ट्रा’ आहे, म्हणजे मर्यादेपलीकडचं. ‘रेज’ म्हणताना शेवटी ‘झ’ येऊ देऊ नका, नाहीतर साहेबांना वाटेल पगारवाढ मागताय.

राहिला धंद्याचा मेल. परदेशी गिऱ्हाइकानं टॉवेलचे पैसे थकवले तर मनात काहीही असू दे, कागदावर ‘वी आर अँग्री’ लिहू नका, ते पोरकट वाटतं. ‘वी आर कन्सर्न्ड दॅट द पेमेंट इज स्टिल पेंडिंग’ लिहा आणि खाली इनव्हॉइस नंबर व तारीख टाका. दुसऱ्या मेलला ‘कन्सर्न्ड’च्या जागी ‘डिसअपॉइंटेड’.