कोलेस्टेरॉल आणि यकृतासाठी वनस्पतींचे अर्क: काय, किती, कसं

आधी रक्त तपासा: लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी), एएलटी आणि एएसटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारी एन्झाइम्स). सुरुवातीचे आकडे नसतील तर पुढे फायदा झाला की अपाय, हे कळायला मार्ग नाही. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध) किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही जोडू नका, आणि चालू गोळी परस्पर बंद करू नका.

सुरुवात इसबगोलाच्या भुशीने करा. हा अर्क नव्हे, पण एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) उतरवण्यात अनेक महागड्या कॅप्सूलपेक्षा सरस. पहिला आठवडा रोज 3 ग्रॅम, नाहीतर पोट फुगतं. मग हळूहळू 5 ग्रॅम दोनदा. 240 मिली पाण्यात ढवळून लगेच प्या, रेंगाळलात तर बुळबुळीत खळ होते. पाणी कमी पडलं तर भुशी घशात अडकू शकते, म्हणून गिळायला त्रास असणाऱ्यांनी घेऊ नये. आतड्यात ती पित्ताम्लं (पित्तातली, यकृताने कोलेस्टेरॉलपासून बनवलेली आम्लं) धरून बाहेर नेते. नवी बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढतं. भुशी आणि बाकीच्या गोळ्या यांत दोन तासांचं अंतर हवं.

मिल्क थिसल (यकृतासाठी घेतली जाणारी काटेरी वनस्पती) घेताना लेबल नीट वाचा. ‘अर्क 200 मिग्रॅ, सिलिमारिन 70%’ म्हणजे कामाचं द्रव्य, सिलिमारिन, 140 मिग्रॅ. अभ्यासांत बहुधा हीच मात्रा दिवसातून तीनदा दिलेली असते. नुसतं ‘बियांची पूड 500 मिग्रॅ’ लिहिलं असेल तर त्यावरून काहीच ठरत नाही. सिलिमारिन पाण्यात जेमतेम विरघळतं, त्यामुळे बियांचा काढा वाया जातो. फॅटी लिव्हरवरचे पुरावेही संमिश्रच आहेत. वजन उतरवणं त्याहून खात्रीचं.

गुग्गुळाचं नाव मोठं, पण 2003 साली प्रसिद्ध झालेल्या आठ आठवड्यांच्या चाचणीत एलडीएल उलट वाढलं आणि काहींच्या अंगावर पुरळ उठलं. रेड यीस्ट राइसमधलं (लाल बुरशीने आंबवलेल्या तांदळातलं) मोनाकोलिन के म्हणजे लोव्हास्टॅटिन हे स्टॅटिनच. स्टॅटिनसोबत घेतलं तर स्नायूंना इजा होण्याचा धोका वाढतो.

‘यकृतासाठी’ म्हणून घेतलेलं कधी यकृतावरच उलटतं. ग्रीन टीचा तीव्र अर्क (त्यातलं मुख्य द्रव्य ईजीसीजी दिवसाला 800 मिग्रॅ किंवा जास्त) आणि पिपेरीन (मिरीतलं द्रव्य) घातलेल्या कर्क्युमिनच्या (हळदीतल्या द्रव्याच्या) कॅप्सूल, दोन्हींमुळे यकृताला इजा झालेली आहे. स्वयंपाकातल्या हळदीचा प्रश्न नाही.

एका वेळी एकच अर्क चालू करा आणि 8 ते 12 आठवड्यांनी त्याच चाचण्या पुन्हा करा. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली किंवा अन्नावरची वासना गेली तर त्याच दिवशी अर्क थांबवा आणि डबी लेबलसकट डॉक्टरांकडे न्या.