घरच्या लॅपटॉपवर इलेक्ट्रॉनिक्सची लॅब कशी लावायची

अकरावी-बारावीचं किंवा बीएस्सी फर्स्ट इयरचं पोरगं घरात असेल आणि त्याला सर्किटचा नाद लागला असेल तर लगेच ऑसिलोस्कोप (व्होल्टेजची वेव्ह स्क्रीनवर दाखवणारं यंत्र) घ्यायच्या भानगडीत पडू नका, एक्सपआईज-१७ नावाचा बोर्ड बघा. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरने २००४ साली फीनिक्स प्रोजेक्ट चालू केला त्यातून हा आलाय (तेही अ‍ॅक्सिलरेटरवालेच, आपल्या इंदूरच्या कॅटसारखे, म्हणजे आताचं राजा रामण्णा सेंटर). सॉफ्टवेअर जीपीएलखाली आणि हार्डवेअर सर्नच्या ओपन हार्डवेअर लायसन्सखाली खुलं आहे, म्हणजे बोर्डाच्या आत काय चाललंय ते सर्किट डायग्राम उघडून बघता येतं, आणि माझ्या मते अर्धं शिक्षण तिथेच होतं.

बोर्ड यूएसबीवर चालतो, वेगळा अ‍ॅडॉप्टर लागत नाही. स्कोप, सिग्नल जनरेटर, व्होल्टेज सोर्स, फ्रिक्वेन्सी काउंटर, कपॅसिटन्स मीटर सगळं त्याच डबीत. बाकी सामान म्हणजे ब्रेडबोर्ड, वायरी, १ आणि १० किलोओमचे रेझिस्टर, १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, छोटा कंडेन्सर माइक. इंदूरच्या जेल रोडकडे चक्कर मारली की मिळून जातं.

सॉफ्टवेअर उबुंटू-डेबियनवर सोपं जातं, विंडोजवर इन्स्टॉलर आहे, अँड्रॉइड फोनवर ओटीजी केबल लावूनही चालतं.

एक गोष्ट आधीच सांगतो भिया, भिंतीतल्या प्लगची २३० व्होल्टची वायर या बोर्डाच्या कुठल्याच टर्मिनलला लावायची नाही. ए१ आणि ए२ या व्होल्टेज मोजायच्या टर्मिनलना प्लस-मायनस १६ व्होल्ट चालतात, ए३ ला फक्त ३.३.

आता पहिलं काम, डब्ल्यूजीपासून (वेव्ह जनरेटरचं टर्मिनल) ए१ पर्यंत एक वायर. बस. स्क्रीनवर ए१ वर टिक करा, डब्ल्यूजी १००० हर्ट्झवर ठेवा, साइन वेव्ह दिसली पाहिजे, फिट दाबलं की ३ व्होल्टच्या आसपास अ‍ॅम्प्लिट्यूड आणि १००० च्या आसपास फ्रिक्वेन्सी येते. हे आलं म्हणजे बोर्ड आणि सॉफ्टवेअर दोन्ही नीट आहेत, याच्याआधी सर्किट जोडायला बसू नका, नाहीतर नंतर चूक कुठे आहे तेच कळत नाही.

मग ती वायर काढा आणि एक वीतभर वायर नुसती ए३ ला लावून दुसरं टोक मोकळं सोडा. ते टोक एक्स्टेंशन बोर्डाच्या केबलजवळ न्या, लांबूनच, चिकटवायचं नाही. २० मिलिसेकंदाला एक फेरी मारणारी वेव्ह दिसेल, ही घरातली ५० हर्ट्झची लाइट. लाइट गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर असला तर वेव्ह बसते, आणि घरचा इन्व्हर्टर स्वस्तातला स्क्वेअर वेव्हवाला असेल तर तो चालू झाल्यावर कशी वेडीवाकडी होते तेही बघा.

आता खरा प्रयोग. ओडी१ (० किंवा ५ व्होल्ट देणारं आउटपुट) पासून १ किलोओम, पुढे कपॅसिटर, कपॅसिटरचं दुसरं टोक ग्राउंडला, आणि दोघांच्या जोडावर ए१. इलेक्ट्रोलिटिक असेल तर पट्टीवाला पाय ग्राउंडला. मेनूत आरसी ट्रान्झिएंट उघडून ० ते ५ व्होल्टची उडी द्या. गणिताने टाइम कॉन्स्टंट १ मिलिसेकंद, म्हणजे तेवढ्या वेळात व्होल्टेज ६३ टक्के, ३.१६ पर्यंत चढायला हवं. तुमच्याकडे १.१ किंवा ०.९ आलं तर बोर्डाला शिव्या देऊ नका, सोनेरी पट्टीच्या रेझिस्टरच्या आकड्यात ५ टक्के इकडेतिकडे चालतं आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरला बहुतेक वेळा २० टक्के. कपॅसिटर आयएन१ आणि ग्राउंडमधे मोजा, रेझिस्टर एसईएन आणि ग्राउंडमधे, त्या खऱ्या आकड्यांचा गुणाकार करा आणि मग जुळतं का बघा. नंतर १० किलोओम लावा, पण टाइम रेंज वाढवून, कारण आता पूर्ण चढायला ५० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात आणि छोट्या रेंजमधे ग्राफ अर्धवटच दिसतो.

घरात पेटी (हार्मोनियम) असेल तर माइक एमआयसी आणि ग्राउंडमधे लावा (माइकच्या पत्र्याला जोडलेला पाय ग्राउंडला) आणि मधल्या सप्तकातली काळी १ दाबून फूरिए ट्रान्सफॉर्म (आवाजात कुठल्या फ्रिक्वेन्सी आहेत ते दाखवणारा ग्राफ) काढा. २७७ हर्ट्झच्या जवळ एक उंचवटा येतो, त्याच्या दुप्पट-तिप्पटवर आणखी येतात, आणि खर्जाचे रीड उघडे असले तर अर्ध्यावरही एक. फक्त २० मिलिसेकंदाचा तुकडा घेतला तर आकडे ५० हर्ट्झच्या टप्प्याने येतात, त्यात पांढरी १ ची २६२ आणि काळी १ ची २७७ वेगळी दिसूच शकत नाही, टाइमबेस वाढवून १०० मिलिसेकंद घ्या म्हणजे टप्पा १० हर्ट्झवर येतो आणि दोन्ही सुटे दिसतात.