सोसायटीतला उन्हाळी भाजीचा वाफा

बियाणं आणण्याआधी मे महिन्यातल्या पाण्याच्या पाळ्या लावून घ्या. सोसायटीतले वाफे किडीने जितके जातात, त्याहून जास्त अर्धी बिल्डिंग गावी गेल्यावर वाळून जातात. चार बाय आठ फुटांच्या वाफ्याला कडक उन्हात रोज १२ ते १५ लिटर पाणी लागतं. वाफ्यामागे सुट्टीत इथेच राहणारी दोन माणसं मिळत नसतील, तर वाफा कमी करा.

जागेला सहा तास ऊन हवं. मात्र फेब्रुवारीतल्या सावलीवरून जागा बाद करू नका. दक्षिणेला टॉवर असेल तर त्याची दुपारची सावली एप्रिलपर्यंत पार आखडते. ठाणे-नवी मुंबईत मेच्या मध्याला सूर्य अगदी डोक्यावर येतो. पूर्व-पश्चिमेच्या टॉवरची सावली मात्र कायमची डोकेदुखी.

नवी मुंबईत खाडीलगत बरीच जमीन भरावाची, खाली मुरूम नाहीतर डेब्रिज. फूटभर खड्डा खणून पाण्याने भरा, जिरलं की परत भरा. दुसऱ्या वेळी तासाला इंचभरही उतरलं नाही तर खणत बसू नका. विटा लावून वर एक फुटाचा वाफा उभारा. रुंदी चार फूटच, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि मातीत पाय द्यावा लागत नाही. पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या स्लॅबवर करणार असाल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा: एवढ्या वाफ्यातल्या ओल्या मातीचं वजन दीड टनाच्या आसपास जातं.

वाफ्यात सुमारे ९०० लिटर भर लागते. निम्मी लाल माती, एक तृतीयांश जुनं शेणखत किंवा कंपोस्ट, उरलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), वर किलोभर नीमपेंड (निंबोळ्यांची पेंड). कोकोपीट दोनदा धुवा, त्यात क्षार असतात. खत मुठीत घेऊन वास घ्या. शेणाचा किंवा आंबूस वास आला, हाताला ऊब लागली तर ते कच्चं आहे, त्यात रोपं करपतात. भर दोन-तीन इंच बसते, म्हणून काठोकाठ भरा.

मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात पेरा. भेंडीचं बी रात्रभर भिजवून पाऊण इंच खोल, एका जागी दोन टोकायचं. चार पानं आली की अशक्त रोप उपटायचं नाही, कात्रीने कापायचं, म्हणजे शेजारच्याची मुळं हलत नाहीत. रोपांत एक फूट अंतर, ओळींत सव्वा फूट. अर्धा वाफा भेंडीला, उरलेल्यात गवार, चवळी, लाल माठ. काकडी कडेला, जाळीवर. तिला आधी नर फुलं येतात, फळ धरत नाही म्हणून घाबरू नका. मागे इवलीशी काकडी असलेलं फूल मादीचं. मधमाश्या दिसत नसतील तर सकाळीच नर फूल तोडून त्यावर टेकवा. टोमॅटोचा हट्ट आता नको, उकाड्यात फुलं गळतात.

याच दिवसांत आवारात पडणारा पालापाचोळा जाळू नका, रोपं वीतभर झाली की बुंध्यापासून जरा दूर दोन इंच पसरा.

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या तर तो पांढऱ्या माशीने पसरणारा विषाणू. फवारून रोप बरं होत नाही, लगेच उपटा. माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावा, बाकीच्या रोपांवर संध्याकाळी लिटरला ५ मिलि नीमतेल आणि थोडं साबणपाणी.

पेरल्यापासून दीड महिन्यात तोडा सुरू होतो. तो दर दोन दिवसांनी झालाच पाहिजे. भेंडी जून झाली की झाड बी धरायला लागतं आणि नवी फुलं कमी येतात. पाण्याच्या पाळीत तोड्याचाही रकाना ठेवा.