वस्तऱ्याने दाढी शिकताना गळ्याची आग होते? या चुका टाळा

वस्तऱ्याने दाढी करायला शिकणाऱ्याला सुरुवातीला भीती वाटते ती कापून घेण्याची, आणि प्रत्यक्षात त्रास होतो तो वेगळाच. बारीक कापले तर तुरटी फिरवली की रक्त थांबते. पण दाढीनंतर तासाभरात गळा लाल होणे, कॉलर घासली तरी चरचरणे, दोन-तीन दिवसांनी केसांच्या मुळाशी पुळ्या उठणे या तक्रारींना कंटाळून अनेक जण वस्तरा कपाटात ठेवतात आणि ‘माझी कातडीच नाजूक’ असे स्वतःला सांगून मोकळे होतात. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. चांगली धार असलेला वस्तरा हलक्या हाताने चालवला तर तो केस कापून पुढे जातो. कातडीचा वरचा थर खरवडला जातो तो बोथट पाते, चुकलेला कोन आणि हाताचा दाब यांमुळे, आणि यांपैकी एक चूक झाली की ती उरलेल्या दोघींना सोबत घेऊनच येते.

म्हणून पहिला संशय हातावर नव्हे, धारेवर घ्यावा. मी शिकायला सुरुवात केली ती जुन्या वस्तूंच्या बाजारात मिळालेल्या एका वस्तऱ्याने. पात्याच्या बुडाशी झोलिंगेन असे कोरलेले होते, आणि जर्मनीतील हे शहर पाती घडवण्यासाठी शतकानुशतके नावाजलेले असल्यामुळे मी त्या नावावरच विसंबलो. त्याने कागद सरळ कापला जात होता, अंगठ्याला धार जाणवत होती, मग शंका घ्यायची तरी कशाला? तीन आठवडे गळा भाजल्यासारखा होत राहिला. शेवटी आमच्या गल्लीतल्या एका वयस्क केशकर्तनकाराला तो वस्तरा दाखवला. त्यांनी पाते उजेडाकडे धरून एकदा पाहिले आणि म्हणाले, “अहो, धारच नाही याला. तुम्ही दाढी करत नाही, नुसतं तासताय.” दगडावर लावून घेतलेला तोच वस्तरा दुसऱ्या दिवशी गालावर टेकवला, तेव्हा तासणे आणि कापणे यांतला फरक मला पहिल्यांदा कळला.

कागद कापणारी धार दाढीला पुरत नाही. तिची साधी परीक्षा अशी, की डोक्याचा एक धुतलेला, कोरडा केस चिमटीत धरून त्याचे मोकळे टोक अलगद धारेवर सोडावे; केस दाबावा न लागता तुटून पडला तर धार कामाची आहे. केस नुसताच वाकत असेल, तर तो वस्तरा चेहऱ्याला लावू नये. नवीन विकत घेतलेला वस्तराही कारखान्यातून दाढीयोग्य धार घेऊन आलेला असेलच, असे गृहीत धरू नये. धारेचा पाया साधारण १००० ग्रिटच्या दगडावर बसवतात (ग्रिट म्हणजे दगडाच्या बारीकपणाचे माप; आकडा मोठा तितका दगड बारीक), ४००० आणि ८००० च्या दगडांवर ती साफ करत नेतात आणि बरेच कारागीर १२००० च्या आसपास काम संपवतात. शिकणाऱ्याने हे काम निदान पहिले वर्षभर जाणकाराकडूनच करून घ्यावे. दाढी आणि धार या दोन्ही कला एकाच वेळी शिकू गेल्यास चूक नेमकी कुठे झाली, याचा पत्ताच लागत नाही.

दगडावर लावलेली धार टिकवण्यासाठी वस्तरा ज्यावर फिरवतात तो चामड्याचा पट्टा मात्र रोज स्वतःच वापरावा लागतो, आणि चांगली धार घरी बिघडते ती बहुधा इथेच. पट्ट्यावर पात्याची पाठ, म्हणजे धारेविरुद्धची जाड कड, पुढे आणि धार मागे अशी चाल असते. टोकाला पोचल्यावर पाते पाठीवरच पलटायचे, धारेवर कधीही नाही. पाठ उचलली गेली किंवा पट्टा ढिला धरला, तर धार गोल होते आणि दुसऱ्या दिवशी गळ्याला आग होते. दाढीपूर्वी ४०-५० फेऱ्या पुरेशा आहेत. वेग वाढवण्याचे काही कारण नाही. धोपटीतून पट्टा काढून झपझप हात चालवणाऱ्यांच्या मागे वर्षानुवर्षांचा सराव असतो.

आता कोन. पाते गालावर सपाट टेकवले, की ते केस कापण्याऐवजी ओढते, आणि जास्त उभे केले, की कातडी खरवडते. सुमारे ३० अंशांचा कोन, म्हणजे पाठ गालापासून तिच्या स्वतःच्या जाडीच्या दुपटीएवढी वर, इथून सुरुवात करावी. गालासारख्या सपाट जागी हा कोन सहज राहतो. जबड्याच्या हाडावरून खाली उतरताना मनगट तसेच राहते, चेहरा मात्र वळतो, आणि कोन नकळत ४५ अंशांच्या पुढे जातो. जबड्याखालचा लाल पट्टा हा बहुतेक वेळा या एका चुकीचा पुरावा असतो. तिथे लांब हात न मारता इंचभराचे छोटे हात मारावेत आणि प्रत्येक वेळी कोन नव्याने जुळवावा. पाते धारेच्या लांबीच्या दिशेने आडवे सरकू देणे ही तर चूक नव्हे, धोकाच आहे, कारण त्याने सरळ काप पडतो.

दाबाबद्दल एवढेच सांगतो, की वस्तऱ्याचे वजनच पुरते. दाब द्यावासा वाटला, की थांबून कारण शोधावे: धार गेली आहे, फेस सुकला आहे, किंवा कातडी सैल आहे. मोकळ्या हाताच्या बोटांनी कातडी ताणून धरायची असते, पण ती बोटे आणि तो भाग फेसाने निसरडे असल्यामुळे पकड सुटते. बोटे पुसून तुरटीच्या ओल्या खड्यावर घासली, तर ती घट्ट बसतात.

तयारीत घाई होते ती खुंट भिजवण्यात. दाढीचा केस कोरडा असताना राठ असतो आणि पाणी शोषले, की बराच मऊ पडतो, पण त्याला दोन-तीन मिनिटे द्यावी लागतात. आंघोळीनंतर दाढी करणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे. पाणी कोमट असावे. कढत पाण्याने कातडी आधीच लाल होते. फेसाविषयी एक गोष्ट आपल्याकडे विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. बोअरच्या जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून चिकट साका तयार करतात, त्यामुळे साबण कितीही घासला तरी फेस पातळ राहतो आणि गालावर मिनिटभरात सुकतो. अशा ठिकाणी ब्रश भिजवायला आणि फेस करायला पेलाभर फिल्टरचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी वापरून पाहावे. मराठवाड्यातल्या माझ्या एका नातलगाचा त्रास केवळ एवढ्या बदलाने निम्म्यावर आला. सुकलेल्या फेसावरून वस्तरा कधीही फिरवू नये, आणि साफ झालेल्या जागी पुन्हा हात मारायचा असेल, तर आधी पुन्हा फेस लावावा.

गळ्यावर केस एकाच दिशेने उगवत नाहीत. घाटीच्या एका बाजूला ते खाली वळलेले असतात, दुसऱ्या बाजूला आडवे, आणि कित्येकांच्या गळ्याच्या बुडाशी चक्क वरच्या दिशेने. दोन दिवसांची दाढी वाढू देऊन बोटाने चाचपावी. ज्या दिशेने बोट गुळगुळीत सरकते ती सुलटी दिशा. पहिले दोन महिने फक्त सुलटाच हात मारावा, फार तर दुसऱ्या वेळी आडवा. उलटा हात मारून गाल तुळतुळीत करण्याचा मोह आवरावा, कारण वरवर बऱ्या दिसणाऱ्या कातडीलाही त्याचे उत्तर तिसऱ्या दिवशी द्यावे लागते.

हे तिसऱ्या दिवसाचे दुखणे आणि लगेच होणारी आग यांत गल्लत करू नये. दाढी संपताच होणारी चरचर म्हणजे खरवडणे: धार, कोन, दाब. दोन-तीन दिवसांनी येणाऱ्या पुळ्या बहुधा फार खोलवर कापलेल्या केसांच्या असतात. कुरळा केस टोकदार कापला गेला, की तो वळून शेजारच्या कातडीत शिरतो किंवा बाहेर न येता आतच वाढतो. अशा माणसाने कातडी कमी ताणावी, उलटा हात पूर्ण सोडावा आणि थोडे खुंट राहू द्यावेत. पिवळा पू धरणारी, दुखरी पुळी म्हणजे केसाच्या मुळाला झालेला संसर्ग. ती बरी होईपर्यंत त्यावरून पाते फिरवायचे नाही.

दाढीनंतर गार पाणी, तुरटी, मिनिटभराने पुन्हा पाणी आणि बिनवासाचा साधा मॉइश्चरायझर, इतके पुरते. तुरटी कुठे झोंबते याकडे लक्ष द्यावे, कारण ती नेमकी खरवडलेल्या जागा दाखवते. आठवडाभर रोज एकाच जागी झोंबत असेल, तर तिथला कोन तपासावा. स्पिरिट असलेले लोशन लाल कातडीवर ओतू नये. आणि औषधाच्या दुकानात खाज, गजकर्ण, पुरळ सगळ्यावर म्हणून मिळणारी स्टेरॉइडमिश्रित मलमे चेहऱ्यावर मुळीच लावू नयेत. त्यांनी दोन दिवस बरे वाटते, मग कातडी पातळ होते, लाली कायमची बसते आणि बुरशीचा संसर्ग असेल तर तो आतल्या आत पसरतो. दोन आठवडे पाते बंद ठेवूनही पुळ्या जात नसतील, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

सलूनमध्ये असतो तसा अर्ध्या ब्लेडचा वस्तरा शिकायला सोपा, असे अनेकांना वाटते. ब्लेड प्रत्येक वेळी नवे असल्याने सलूनमध्ये तोच योग्य, कारण रक्तावाटे पसरणाऱ्या कावीळ आणि एचआयव्हीच्या विषाणूंचा धोका त्याने टळतो. घरी मात्र तो नवशिक्याला कमी माफ करतो: पाते हलके, कडा टोकदार, आणि दाबाची चूक लगेच कातडीवर उमटते. तोच वापरायचा असेल, तर दाब आणखी हलका ठेवावा.

पहिला आठवडा फक्त कल्ल्यांपासून जबड्यापर्यंतचे गाल वस्तऱ्याने करावेत आणि उरलेली दाढी नेहमीच्या रेझरने. गाल सलग चार-पाच वेळा आगीविना झाले, की गळ्याकडे वळावे. हनुवटी आणि ओठांवरचा भाग सर्वांत शेवटी. दोन दाढ्यांमध्ये एक दिवस मोकळा ठेवावा. काम झाल्यावर पाते कोरडे पुसून, कोरड्या पट्ट्यावर दहा फेऱ्या देऊन न्हाणीघराबाहेर ठेवावे, कारण कार्बन पोलादाच्या धारेला कोकणातल्या पावसाळ्यात एका रात्रीतही गंज चढू शकतो, आणि तो डोळ्यांना दिसण्याआधी गळ्याला कळतो.